पट्टीखालचा रंग



मुख्याध्यापकांच्या पानावर एरवी निकाल, शिस्त, फी आणि वक्तशीरपणा हे चार विषय आलटून-पालटून येत असतात. या अंकात थोडा वेगळा विषय घेतो. जुन्या मोटारीला नवा रंग द्यायचा झाला तर रंगाआधी तिच्या अंगावरच्या पट्ट्या, जाळ्या, मुठी, रबरे आणि नावे कशी काढावी लागतात आणि रंगानंतर ती जागच्या जागी कशी बसवावी लागतात, याविषयी मला लिहायचे आहे. विषय शाळेबाहेरचा वाटेल. पण या कामात आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी होता, आणि त्याने जे केले ते मी जवळून पाहिले. म्हणून हा लेख याच पानावर शोभेल असे मला वाटते.

आमची गाडी म्हणजे १९९२ ची प्रीमियर पद्मिनी. आजच्या मुलांनी ही गाडी बहुधा जुन्या चित्रपटांतच पाहिली असेल. वालचंद हिराचंद यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. सोलापूरला १८८२ मध्ये जन्मलेल्या या उद्योजकाने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने गाड्या तयार होऊ लागल्या. त्याच गाडीला पुढे १९७० च्या दशकात राणी पद्मिनीचे नाव मिळाले. इंजिन १०८९ सीसीचे, गियरचा दांडा स्टिअरिंगजवळ, आणि अंगावर क्रोमचे चकचकीत दागिने. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमध्ये ती त्यानंतरही दिसत राहिली. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली.

आमच्या वडिलांनी ही गाडी घेतली तेव्हा ते इथल्या एका जिनिंगमध्ये हिशेबनीस होते. नंबर एपी ०१ चा, म्हणजे जुन्या आंध्र प्रदेशातील आदिलाबाद जिल्ह्याचा. पुढे २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले. नव्या गाड्यांवर आधी टीएस आणि २०२४ पासून टीजी ही अक्षरे आली. आमच्या गाडीवर मात्र पहिलीच अक्षरे राहिली. वडील २०१९ मध्ये गेले. त्यानंतर गाडी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असे. आठवड्यातून एकदा ती चालू करायची, बाजारापर्यंत फेरी मारायची आणि परत आणून लावायची, एवढेच.

धाकट्या भावाचे म्हणणे सरळ होते. तो म्हणाला, "दादा, भंगारात द्या. रंग उडालाय, पत्रा फुगलाय, सुटे भाग मिळत नाहीत. भावनेपोटी किती दिवस सांभाळायचं?" त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. दारांच्या खालच्या अंगाला आणि बाजूच्या क्रोमच्या पट्टीच्या वर रंगाला फोड आले होते. बोटाने दाबले की फोड फुटायचा आणि तांबूस भुगा खाली पडायचा. पण आईची एक इच्छा होती. वडील असताना दत्तजयंतीला ती दोघे याच गाडीने किनवटमार्गे माहूरला जात असत. तिला एकदा तरी पुन्हा याच गाडीतून माहूरला जायचे होते. आईचे वय एक्क्याऐंशी. अशा वयाच्या माणसाला 'पुढच्या वर्षी पाहू' असे सांगणे बरे नव्हे.

म्हणून २०२४ च्या दसऱ्याच्या सुट्टीत गाडी मिस्त्रींकडे नेली. आमचे मिस्त्री तेलुगू भाषिक आहेत. गॅरेजमध्ये बोलणे चालते ते आपल्या भागातल्या दखनी हिंदीत. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, पट्टीच्या कडेला नख लावून पाहिले आणि म्हणाले, "सर, टेप मार के करूं तो पाँच दिन. सब निकाल के करूं तो बारा दिन. आप बोलो."

या दोन पद्धतींतला फरक सर्वांनी समजून घेण्यासारखा आहे.

पहिल्या पद्धतीत क्रोमची पट्टी, दाराची मूठ, दिव्याची रिंग, काचेचे रबर यांना जागेवरच ठेवून त्यांच्यावर कागद आणि चिकटपट्टी लावतात. मग भोवतालचा पत्रा घासून त्यावर रंग मारतात. टेप ओढून काढली की गाडी नवी दिसते. काम लवकर होते, मजुरी कमी लागते आणि जुने भाग मोडण्याची भीती नसते. परंतु पट्टीच्या कडेशी पॉलिश पेपर नीट पोहोचत नाही. तिथे मेण, माती आणि जुना रंग तसाच राहतो. नवा रंग पत्रा आणि रबर यांच्यामधल्या फटीवर पुलासारखा बसतो. रबर उन्हात हलते, पत्रा हलत नाही. मग त्या पुलाला बारीक चीर जाते आणि त्या चिरेतून पाणी आत शिरते.

आत शिरलेले पाणी सहजासहजी वाळत नाही, कारण पट्टीखाली वारा लागत नाही. शिवाय पट्टी धरणाऱ्या क्लिपांसाठी पत्र्याला भोके असतात आणि भोकाच्या कडेला उघडे लोखंड असते. गंज तिथेच धरतो. गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो वरच्या रंगाला उचलतो. आपल्याला दिसतो तो फोड, पण दुखणे असते दोन बोटे बाजूला, पट्टीच्या आड. बाहेरून कितीही हात मारले तरी ते तिथेच राहते.

हे पुस्तकातले सांगत नाही. आमच्याच गाडीवर ते घडले होते. २००६ मध्ये वडिलांनी बाहेरगावच्या एका गॅरेजमध्ये तिला रंग दिला होता, तो टेप लावून. दोन पावसाळे गाडी झकास दिसली. तिसऱ्या वर्षी पट्टीच्या वर पहिला फोड आला.

दुसऱ्या पद्धतीत सगळे काढायचे, उघडा पत्रा पाहायचा, गंज मुळापासून घासायचा, रंग भोकांच्या कडेपर्यंत न्यायचा आणि मग सगळे पुन्हा बसवायचे. यात धोका एकच, पण मोठा. बत्तीस वर्षांच्या क्लिपा आणि पिना काढताना तुटू शकतात. कारखाना बंद झालेला, त्यामुळे दुकानात जाऊन 'पद्मिनीची बाजूची पट्टी द्या' म्हणण्याची सोय नाही. मुंबईत कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडसारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात शोधले तर एखादी वस्तू मिळेल, पण हमी नाही. तेव्हा जे काढायचे ते 'हे दुसरे मिळणार नाही' असे समजूनच काढावे लागते.

मी 'निकाल के करो' म्हणालो. पैशांचे आणि दिवसांचे गणित मिस्त्रींनी आधीच स्पष्ट सांगितले होते, त्यामुळे पुढे वाद झाला नाही. फक्त त्यांची एक अट होती. कापूस बाजारात यायच्या आत रंगकाम उरकायचे. आदिलाबादकरांना याचे कारण सांगायला नको. दिवाळीच्या सुमारास कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की रस्त्यावर आणि हवेत तंतू उडतात, आणि ओल्या रंगावर एक तंतू बसला तर तो हात पुन्हा घासावा लागतो. आमच्या मिस्त्रींच्या गॅरेजला बंद खोली नाही, पडदे लावूनच काम चालते.

काढण्याचे काम त्यांनी ज्याच्यावर सोपवले तो मुलगा गेटवरच मला वाकून म्हणाला, "सर, ओळखलं का?" दहावीला आपल्या शाळेत होता. गणिताशी त्याचे फारसे जमले नाही, पुढे आय.टी.आय. करून इथे लागला. मी रोज संध्याकाळी तासभर तिथे बसत असे. त्या तासांत पाहिलेले क्रमाने सांगतो.

त्याने पहिल्या दिवशी एकही स्क्रू फिरवला नाही. प्रथम गाडी धुतली. मग मोबाइलवर प्रत्येक बाजूचे फोटो काढले, आधी दुरून, मग जवळून. कोणती पट्टी कोणत्या पट्टीवर चढली आहे, वायपर थांबतो तेव्हा काचेवर कुठे असतो, दार आणि पट्टी यांच्यात किती फट आहे, हे सारे. मग एका वहीत गाडीची चारही बाजूंची चित्रे काढून प्रत्येक भागाला क्रमांक दिला. एकूण भाग झाले त्रेचाळीस. गंजलेल्या स्क्रूंवर आणि नटांवर तेल सोडून ते रात्रभर तसेच ठेवले. घाईने जोर लावला तर स्क्रूचे डोके तुटते आणि मग ड्रिलने भोक पाडावे लागते, हे त्याला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी बंपरपासून सुरुवात झाली. आधी बंपर, मग पुढची जाळी, दिव्यांच्या रिंगा, मागचे दिवे, वायपर, आरसा, दारांच्या मुठी, शेवटी पट्ट्या आणि नावे. पट्टी उचकटायला त्याने पेचकस वापरला नाही. (पेचकस हा शब्द माझ्या तोंडी बसला आहे, कारण माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. तुम्ही स्क्रू ड्रायव्हर म्हणा.) लोखंडी टोक पत्र्याला खड्डा पाडते आणि पातळ पट्टीला मुरड घालते. त्याने बांबूच्या चपट्या पाचरी तासून घेतल्या होत्या. पट्टीच्या वर-खाली पत्र्यावर टेप लावायची, एका टोकाच्या क्लिपजवळ पाचर सारायची, थोडे उचलायचे, पुढच्या क्लिपशी जायचे. एका जागी पूर्ण उचलायचे नाही. काम दुपारी, गाडी उन्हात उभी करून केले, कारण ऊन लागले की रबर आणि जुना चिकट पदार्थ नरम पडतो.

निघालेला स्क्रू शक्य तिथे परत त्याच्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवायचा. जमत नसेल तर छोट्या पिशवीत टाकून आत चिठ्ठी ठेवायची. चिठ्ठ्या मराठीत होत्या. 'डावे पुढचे दार, मूठ, आतला नट, वॉशरसह.' 'उजवी पट्टी, मागून दुसरी क्लिप, वाकलेली, सरळ करणे.' मिस्त्रींना देवनागरी वाचता येत नाही, म्हणून चिठ्ठीवर मोठा इंग्रजी आकडाही घातलेला. मिस्त्री आकडा पाहत आणि मजकूर त्याला विचारत. तीन भाषांच्या त्या गॅरेजमध्ये आपल्या शाळेतले मराठी असे कामाला आलेले पाहून मला काय वाटले ते शब्दांत सांगत नाही. अक्षर मात्र शाळेत होते त्याहून पुष्कळ सुधारले होते!

इथे एक गंमत झाली. गंजलेले मोठे बोल्ट रॉकेलमध्ये बुडवून ठेवायला भांडे हवे होते. मी घरी येऊन म्हणालो, "आई, जंग लागलेल्या बोल्टांसाठी काहीतरी भांडं दे." मुलगी हसायला लागली. "बाबा, मराठीत जंग म्हणजे लढाई. गंज म्हणा." आणि आईने फडताळातून जुना गंज काढून दिला, कारण आपल्याकडे आणि विदर्भात गंज म्हणजे पातेलेही. तेव्हा गंजलेले बोल्ट गंजात गेले, आणि हिंदी माध्यमाचा मुख्याध्यापक गप्प बसला.

सगळ्यात वेळ गेला तो पुढच्या काचेला आणि बॉनेटवरच्या नावाला. काचेभोवतीचे रबर दगडासारखे झाले होते. ते वाचवण्यात अर्थ नव्हता, कारण ओढताना काचच जायची. मिस्त्रींनी आधी रबरातली क्रोमची चकचकीत पट्टी सोडवून घेतली, मग रबर ब्लेडने कापले आणि काच सुखरूप उतरवली. काचेखालच्या चौकटीत दोन जागी पत्रा चाळणीसारखा झालेला दिसला. टेप लावून रंगवले असते तर तो कळलाच नसता, आणि पावसाळ्यात पाणी ड्रायव्हरच्या पायाशी का येते हे कोडेही सुटले नसते. बॉनेटवरचे नाव जस्ताच्या मिश्रधातूचे असते. हा धातू वयाने ठिसूळ होतो. आतून छोट्या पान्याने नट सोडवला, तेवढ्यात तीनपैकी एक पिन तुटली. मुलाचा चेहरा उतरला. मिस्त्री म्हणाले, "तेरी गलती नै, उम्र की गलती है." तुटलेली पिन त्याने वेगळ्या चिठ्ठीत बांधून ठेवली.

आता शीर्षकाकडे येतो.

बाजूची पट्टी निघाली तेव्हा तिच्याखाली बोटभर रुंदीची एक निळी रेघ निघाली. आमच्या नोंदणीपुस्तकात रंग निळा असा लिहिला आहे. पण २००६ च्या रंगाने गाडी गडद, काळसर निळी झाली होती आणि आम्हाला तोच तिचा रंग वाटू लागला होता. पट्टीखाली होता तो कारखान्यातला मूळ रंग, फिकट आणि स्वच्छ निळा. ऊन न लागल्यामुळे बत्तीस वर्षे जसाच्या तसा. मी फोटो घरी नेऊन दाखवला. आई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हाच. हाच रंग होता." मिस्त्रींनी त्या रेघेवरून रंग मिसळून घेतला. पॉलिशने तो तुकडा साफ करायचा, दिवसाउजेडात नमुना त्याच्याशेजारी धरायचा, पुन्हा दोन थेंब पांढरा. चौथ्या खेपेला जमले. पट्टी काढली नसती तर मूळ रंग कोणालाच कळला नसता.

पालकांसाठी एक सूचना इथेच देतो. गाडीचा रंग नोंदणीपुस्तकात लिहिलेला असतो. पूर्ण रंग बदलायचा असेल तर परिवहन कार्यालयाकडून ती नोंद बदलून घ्यावी लागते. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करतात, तेव्हा गाडीची तपासणी होते. रंग पुस्तकाप्रमाणे असला की एक कटकट कमी.

रंगाबद्दल थोडे. आपल्याकडे गॅरेजवाले अजून 'ड्यूको करणे' म्हणतात. ड्यूको हे अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या लॅकरचे नाव. १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर ते प्रथम आले. त्याआधी मोटारीचे वार्निश वाळायलाच कित्येक दिवस, कधी आठवडे जात. ड्यूकोमुळे ते काम काही तासांवर आले. हेच नाव आपल्या शेजारी निर्मलमध्येही ऐकू येते. निर्मल २०१६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. तिथले कारागीर हलक्या पोनिकी लाकडाची खेळणी करतात. हात, पाय, शेपूट वेगवेगळे कोरून चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने जोडतात, मग रंगवतात. पूर्वीच्या वनस्पती-खनिज रंगांबरोबर आता तिथे ड्यूको रंगही वापरतात. म्हणजे डेट्रॉईटच्या मोटारीवरचा रंग निर्मलच्या लाकडी हरणावर आला.

आमच्या गाडीला मात्र हार्डनर मिसळायचा पीयू रंग मारला, कारण तो जास्त टिकतो. याबद्दल गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलांच्या आई-वडिलांनी लक्ष द्यावे. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट जातीची रसायने असतात. फवारणीच्या वेळी ती श्वासात गेली तर कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून काहीही उपयोग होत नाही. त्यासाठी योग्य मास्क आणि खेळती हवा लागते. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये, पाणी घेऊन घासावा. आमच्या मिस्त्रींकडे योग्य मास्क एकच होता. दुसरा मी आणून दिला आणि तो त्या मुलाने वापरावा अशी विनंती केली. त्याचा शिक्षक म्हणून एवढा हक्क मला आहे असे मी समजतो.

रंग वाळल्यावर मुलाला लगेच पट्ट्या बसवायच्या होत्या, पण मिस्त्रींनी आठ दिवस हात लावू दिला नाही. वरून कोरडा झालेला रंग आतून कच्चा असतो. तेवढ्यात स्क्रू आवळला तर वॉशरखाली त्याला सुरकुती पडते. त्या आठवड्यात मुलाने क्रोमची साफसफाई केली. क्रोमचा थर फार पातळ असतो. खाली निकेल, वर क्रोम. त्याला पॉलिश पेपर लावला तर तो निघूनच जातो. बारीक गंजाचे ठिपके ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाचा बोळा पाण्यात भिजवून चोळले की जातात. विद्यार्थ्यांनी सायकलच्या हँडलवर हा प्रयोग जरूर करावा.

बसवणे हे काढण्याच्या उलट क्रमाने. जे शेवटी काढले ते आधी, बंपर सर्वांत शेवटी. प्रत्येक भोकाच्या कडेला ब्रशने रंगाचा हात दिला. मुठींखालच्या गाद्या कुजल्या होत्या, म्हणून त्याने टाकाऊ ट्यूबमधून त्याच आकाराच्या गाद्या कापल्या, म्हणजे धातू रंगावर घासत नाही आणि पाणीही आत जात नाही. स्क्रूंना थोडे ग्रीस लावले, पुढच्या वेळी काढणाऱ्याला त्रास नको म्हणून. सगळे स्क्रू आधी हाताने, सैल बसवले. पट्टी सरळ आहे का ते दोरी ताणून पाहिले. मगच एकेक करून आवळले, तेही बेताने.

काच बसवण्याची युक्ती तर मुलांनी पाहण्यासारखी आहे. नवे रबर काचेभोवती चढवतात. त्याच्या खाचेत एक मजबूत दोरी फिरवून तिची दोन टोके आतल्या बाजूला सोडतात. सगळीकडे साबणाचे पाणी लावतात. मग एक जण बाहेरून तळहाताने काच दाबतो आणि दुसरा आत बसून दोरी हळूहळू ओढतो. दोरी निघत जाते तशी रबराची कड पत्र्यावर चढत जाते. बाहेरच्याने घाई केली तर काच तडकते. आतल्याने घाई केली तर रबर फाटते. मिस्त्री बाहेर होते, मुलगा आत. दोघांत एक शब्द झाला नाही.

बॉनेटवरच्या नावाची पिन अरल्डाइटने जोडली. त्रेचाळीस भागांपैकी बेचाळीस जसेच्या तसे परत बसले आणि एक दुरुस्त होऊन. पिशव्या सगळ्या रिकाम्या झाल्या, एकही स्क्रू उरला नाही. गॅरेजचा अनुभव असलेल्यांना यातले मोठेपण कळेल. डिसेंबरमध्ये दत्तजयंतीला आई पुढच्या सीटवर बसून माहूरला जाऊन आली. धाकटा भाऊ गाडी चालवत होता.

आता ज्यांच्याकडे नव्या गाड्या आहेत त्या पालकांसाठी. आजच्या गाड्यांवरच्या पट्ट्या आणि नावे बहुधा दोन्ही बाजूंनी चिकट टेपने लावलेली असतात. ती काढायची तर केस वाळवायच्या यंत्राने थोडी ऊब द्यावी, मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा ओढावा आणि बसवताना नवा टेप लावावा. प्लास्टिकच्या क्लिपा एकदाच वापरायच्या असे समजून आधीच नव्या आणून ठेवाव्यात. बंपरच्या आड सेन्सरच्या वायरी असतात, त्या आधी सोडवाव्या लागतात. ते जाणकाराकडूनच करून घ्यावे. आणि गॅरेजमध्ये गाडी देतानाच विचारावे, "टेप लावून करणार की काढून?" कोटेशनमध्ये ते लिहून घ्यावे. कमी पैशाचे कोटेशन बहुतेक वेळा टेपचे असते.

विश्वस्त मंडळींनाही एक नम्र विनंती आहे. शाळेच्या इमारतीचे रंगकाम पुढे कधी तरी निघेलच. त्या वेळी फलक, स्विचबोर्डांची झाकणे, खिडक्यांच्या कड्या आणि नळांजवळच्या पट्ट्या काढून, मागची भिंत साफ करून मग रंग द्यावा, ही अट करारात घालावी. कडी-बिजागऱ्यांसकट रंगवलेली खिडकी कशी उघडते, हे प्रयोगशाळेतल्या मुलांना विचारा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही सायकल रंगवाल तेव्हा मडगार्ड, चेनचे कव्हर, रिफ्लेक्टर आणि घंटी आधी काढा. स्क्रू पिशवीत घाला, पिशवीत चिठ्ठी ठेवा. चिठ्ठीवर 'छोटा स्क्रू' असे लिहू नका. कुठला, कोणत्या बाजूचा, कितवा, हे लिहा. तुम्ही आजारी पडलात आणि उरलेले काम तुमच्या बहिणीला करावे लागले, तर तिला ते वाचून करता आले पाहिजे.

आपला,
मुख्याध्यापक